लिचीला ताण

“पण महाराज, पाण्यानं फळ फुटंलच कसं? पाण्यावाचून सुकतं, ते आमाला ठावं हाय. पिऊन कोण फुटतं व्हय?”

बिरुदेव कोळेकर ओंजळ पुढे धरून उभा होता. ओंजळीत आठ-दहा लिच्या होत्या. एकेकीची लाल साल उभी फाटली होती आणि आतला पांढरा गर उघडा पडला होता. गरावर मुंग्या होत्या, त्यातल्या काही त्याच्या मनगटावर चढल्या होत्या. त्याला त्याचं भान नव्हतं.

सोमगीर महाराज ओट्यावर बसून शेवग्याच्या शेंगा मोडत होते. त्यांनी एक लिची उचलली, फुंकर मारून मुंग्या उडवल्या, गर तोंडात टाकला आणि बी थुंकली.

“गोड आहे,” ते म्हणाले.

बिरुदेवाला ते फार लागलं. गोडीसाठीच तर त्याने सगळं केलं होतं.

हा मठ घाटाच्या पोटातल्या एका गार खोऱ्यात आहे. महाराजांच्या गुरूंचे गुरू उत्तरेकडून आलेले गोसावी. त्यांनी मुजफ्फरपुराकडून लिचीची कलमं आणली. त्यातली पाच झाडं टिकली. मठातल्या समाध्या कोणाकोणाच्या, हे खोऱ्यातल्या लोकांना नीट सांगता येणार नाही. लिच्या कधी उतरतात, ते विचारा. पोरंसोरंही तारीख सांगतील.

बिरुदेव तासगावकडचा. तिकडे त्याच्या बेदाण्याला नाव होतं, आणि ते नाव सगळ्यांत जास्त वेळा बिरुदेवच घ्यायचा. दोन वर्षांपूर्वी बायको गेल्यावर बाग भावाच्या हवाली करून तो मठात आला. अहंकार सोडायला आलोय, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. सांगताना छाती फुगलेली होती. महाराजांनी त्याला भांडी घासायला बसवलं.

दुसऱ्या हिवाळ्यात मात्र लिचीची झाडं त्याच्याकडे दिली.

द्राक्षवाल्यांचा एक लाडका शब्द आहे, ताण. पाणी तोडायचं, झाडाला तहानेनं कासावीस करायचं, की त्याला जीव वाचवायची घाई होते आणि ते फुलावर येतं. याला म्हणतात ताण देणं. थंडीत बिरुदेवाने लिचीला ताण दिला. माघात असा मोहर आला की पान दिसेना. महाराजांनी झाडाखाली उभं राहून वर पाहिलं आणि छान म्हणाले.

इथंच घोडं पेंड खायला लागलं. एकदा छान म्हटलेल्या माणसाला आवरणं कठीण.

फळ रंगावर आलं, तेव्हा महाराज दुसऱ्या एका मठात गेले होते. बिरुदेवाने पाटाचं तोंड पुन्हा बंद केलं. बेदाण्याच्या द्राक्षाचं शेवटी पाणी तोडलं की गोडी भरते, मग लिचीची का भरू नये? वीस दिवस झाडं कोरडी राहिली. वैशाखाचं ऊन होतं आणि देशावरचा कोरडा वारा पूर्वेच्या खिंडीतून रोज दुपारी बागेत शिरायचा. लिचीची साल दिसायला खरबरीत, पण असते कागदाएवढी. ती वाळून कडक झाली. फळ वाढायचं थांबलं.

एकविसाव्या दिवशी बिरुदेवाने पाटाचं तोंड उघडलं आणि दिवसभर उघडं ठेवलं. बुंध्यापाशी पाणी तुंबलं. तो काठावर बसून समाधानाने बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी महाराज परतले. त्याच सकाळी झाडाखाली लाल सालींचा सडा होता.

“वीस दिवस दिलं नाहीस,” महाराज म्हणाले. “मग एकदम का दिलंस?”

बिरुदेव ओंजळीकडे बघू लागला.

“कोणासाठी दिलंस, असं विचारतो.”

“बस,” महाराजच पुढे म्हणाले.

तो बसला. ओंजळ मात्र मोडली नाही.

मग अडखळत त्याने सांगितलं. मठाच्या फोनवर निरोप आला होता. मायाप्पा येणार होता, सोमवारी, त्याच्या लहान मुलीला घेऊन. मायाप्पा म्हणजे बिरुदेवाचा एकुलता एक मुलगा. गेली सहा वर्षं बापलेकांत बोलणं नव्हतं. आईच्या तेराव्याला तो आला, कोपऱ्यात बसला, आणि न जेवता उठून गेला. नातीला बिरुदेवाने अजून पाहिलंही नव्हतं. आणि झाडावरची लिची तर सुपारीएवढी. पोरीच्या हातावर काय ठेवायचं? म्हणून त्याने पाणी सोडलं. चार दिवसांत फुगतील, असा हिशेब होता.

“पोरगा का बोलत नाही?”

बिरुदेवाने ओंजळ मांडीवर टेकवली.

“मी त्याला कधी चांगलं म्हनलो न्हाय, महाराज. पयला आला तरी न्हाय. कुस्ती मारून आला तरी न्हाय. मला वाटायचं, पोराला बी ताण पायजे. त्याशिवाय बहर येत न्हाय.” तो थांबला. “आन् बहर आला की वो. चांगला शिकला. पर घरात ऱ्हायला न्हाय.”

महाराजांनी शेंगा बाजूला ठेवल्या. ते उठले, बागेच्या कडेला गेले, आणि दोन ढेकळं घेऊन आले. एक बांधावरचं, उन्हानं दगडासारखं झालेलं. दुसरं रांजणाखालचं, ओलसर. समोर पाण्याची बादली होती. त्यांनी दोन्ही ढेकळं हळूच बादलीत सोडली.

वाळलेल्या ढेकळातून बुडबुडे आले. बघता बघता त्याला भेगा पडल्या आणि ते विस्कटून तळाशी बसलं. बादलीतलं पाणी गढूळ झालं. महाराजांनी त्यात हात घातला आणि दुसरं ढेकूळ बाहेर काढलं. ते होतं तसं होतं.

“बादली एकच,” ते म्हणाले.

बिरुदेव त्या ढेकळाकडे बघत राहिला.

“साल वाळली की ती वाढायचं विसरते,” महाराज म्हणाले. “आत पाणी आलेलं तिला कळत नाही. चूक ना पाण्याची, ना सालीची.”

“मग माझी?”

महाराज पुन्हा शेंगा मोडायला बसले.

बिरुदेव बोलायला लागला, आणि बोलू लागला म्हणजे पाटच फुटला. सोमवारी काय करायचं, ते त्याने सगळं ठरवलं होतं. मायाप्पा दारात आला की त्याचे पाय धरायचे. चुकलो म्हणायचं. लहानपणापासूनची एकेक गोष्ट काढून माफी मागायची. बाग नावावर करतो म्हणायचं. त्याच्याबरोबर घरी जायचं, नाहीतर त्यालाच इथे ठेवून घ्यायचं, जाऊच द्यायचं नाही. सहा वर्षांचं एका दमात फेडून टाकायचं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ऐकणाऱ्याला भीती वाटावी.

महाराजांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले,

“पाटाचं तोंड दोन बोटं उघड. सकाळी घटकाभर, संध्याकाळी घटकाभर. रोज.”

“आन् औषध? टाकणखार फवारू का? साल फाटू नये म्हनून आमच्याकडं फवारत्यात.”

“तो फळ वाटाण्याएवढं असताना. आता नाही, पुढल्या साली.”

“दोन बोटांनं काय हुतंय, महाराज? सोमवार पाच दिवसांवर हाय.”

“पाच दिवस आहेत ना...”

बिरुदेव कुरकुरत कामाला लागला. बुंध्याभोवती वीतभर पालापाचोळा अंथरला, म्हणजे ओल उडून जाऊ नये. खिंडीकडच्या अंगाला बांबू रोवून मठातल्या गोसाव्यांच्या पांघरायच्या जुन्या छाट्या बांधल्या. भगवी रांग वाऱ्यावर फडफडायला लागली, आणि खोऱ्यातल्या लोकांना वाटलं मठात उत्सव आहे. दुपारी ऊन तापलं की तो झाडांच्या पानांवर पाणी शिंपडायचा. आणि रोज दोन वेळा, दोन बोटं, घटकाभर. पाटाचं तोंड बंद करताना त्याचा हात रेंगाळायचा. सोडायची ताकद सगळ्यांना असते, हात आखडायला जीव लागतो.

दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाच्या निम्म्याच फुटल्या. तिसऱ्या दिवशी मूठभर. चौथ्या दिवशी सकाळी तो झाडाखाली वाकून फिरला, पाचोळा उचलून पाहिला. एकही नाही. तो तिथेच मातीत बसला आणि पोरासारखा हसला. त्याला खरंच आनंद झाला होता. दोन वर्षांत मठातल्या कोणी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

धावत जाऊन त्याने महाराजांना सांगितलं. वर आपली अक्कलही जोडली. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते काय खोटं नाही, असं तो म्हणाला.

“तळं कोणाला साचवायचंय?” महाराज म्हणाले. “झाड जगवायचंय.”

बिरुदेव ओशाळला. मग जायला निघाला, दोन पावलं गेला आणि परत फिरला.

“महाराज... फुटलेलं फळ सांधतं का हो?”

“नाही.”

बिरुदेवाची मान खाली गेली. वाऱ्यावर छाट्या फडफडत होत्या.

“वर बघ,” महाराज म्हणाले.

त्याने वर पाहिलं. फांद्यांच्या आत, पानांच्या सावलीत, लिच्या होत्या. मोठ्या नव्हत्या, पण अख्ख्या होत्या. पुष्कळ होत्या.

सोमवारी उन्हं चढायच्या आत मायाप्पा आला. मुलगी त्याच्या खांद्यावर झोपली होती. अंगानं बापासारखाच रुंद, पण फाटकाच्या आत दोन पावलं येऊन तो तिथेच थांबला. पायातल्या चपला काढल्या नाहीत. महाराजांना त्याने तिथूनच नमस्कार केला.

“परतीची गाडी चारला हाय,” तो म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

बिरुदेव ओट्यावर उभा होता. त्याच्या ओठांची हालचाल दिसत होती. पाच दिवस त्याने मनात जे घोळवलं होतं, ते सगळं एकदम घशाशी आलं होतं. त्याचा एक पाय पायरीवरून खाली उतरला होता, आणि हात पुढे आले होते ते पाय धरायला की मिठी मारायला, हे त्यालाही ठाऊक नसावं. मायाप्पाने ते पाहिलं. त्याचा चेहरा आक्रसला. झोपलेल्या मुलीवरची पकड घट्ट झाली आणि त्याने अर्धं पाऊल मागे घेतलं.

बिरुदेव थांबला. त्याने वळून महाराजांकडे पाहिलं. इतक्या वयाचा माणूस, पण नजर बुडणाऱ्याची होती.

“महाराज... काय बोलू?”

महाराज त्याला ऐकू जाईल एवढंच म्हणाले,

“पाणी विचार.”

“आन् मग? गाडी चारला हाय वो त्याची. मग काय?”

“माणसाला परत तहान लागते, बिरुदेव.”