धुक्यातला हुंकार

गोष्ट द्या, गोष्ट द्या म्हणून वाचनालयाच्या बाईंनी माझं डोकं खाल्लं. मुलांच्या दिवाळी अंकात घालायची आहे म्हणे, आणि हलकीफुलकी हवी. हलकंफुलकं हवं असेल तर कापूस घ्यावा. यंदा माझ्याकडे एकच गोष्ट आहे आणि ती भीतीची आहे. शाळा मी लवकर सोडली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बाईंनी बघावं. गोष्टीला हात लावू नये.

डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं, आणि ते गाव वाघाला भीत नव्हतं, धुक्याला भीत होतं.

कारण धुक्यातून एक जण यायचा. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. डोळे त्याला नसावेत असं लोक म्हणत. कान मात्र होते. तो गावकुसाबाहेर येऊन उभा राहायचा आणि ऐकायचा. कंटाळला की भिंतीच्या कडेकडेने हिंडायचा, आणि जो आवाज हाती लागेल तो पिऊन टाकायचा. माणूस जिवंत राहायचं, जेवायचं, खायचं, पण तोंड उघडलं तर आत नुसता अंधार. कुंभाराच्या म्हातारीचा आवाज असाच गेला. ती गाढवाला टाळ्या वाजवून बोलवायची.

म्हणून गावाने एक रीत पाडली होती. दरीतून धुकं वर चढायला लागलं की दार लावायचं, अडसर घालायचा, आणि सगळ्यांनी घरात तोंड मिटून बसायचं. बोलायचं ते एकट्या कथेकऱ्याने. त्याने दाराच्या आतल्या अंगाला दगडावर बसून, फळ्यांच्या फटीतून बाहेर गोष्ट सांगायची. गोष्ट रुचली तर बाहेरून हुंकार यायचा. आपण नाही का, गोष्ट ऐकताना हूं, हूं करतो, तसाच. हूं येतोय तोवर तो दाराशी उभा आहे. हूं थांबला की समजायचं, तो हलला.

गेल्या धुक्यात तो हलला होता, आणि जाताना म्हाताऱ्या कथेकऱ्याचा आवाज घेऊन गेला होता.

गावाचे शहाणे बसले. "असं झालंच कसं?" म्हणाले. मग त्यांनीच ठरवलं, नमनात काहीतरी राहिलं. एखादा डोंगर, एखादा ओढा, एखादं कुलदैवत. म्हाताऱ्याने जोरजोरात मान हलवली, हातवारे केले, काठी आपटली. कुणाला काही कळलं नाही. ज्याला खरं ठाऊक होतं त्याच्याजवळ सांगायला आवाज नव्हता.

त्याच्या जागी त्याचा मुलगा बसायचा होता. मुलगा हुशार होता, पण भ्यालेला होता, आणि भ्यालेला माणूस तोंडाने फार बोलतो. रोज तालीम करकरून त्याने नमन वाढवलं. गणपती, सरस्वती, ग्रामदैवत, मग डोंगर एकेक करून, मग ओढे, मग सात राज्यं, राज्यांच्या सोन्याच्या पेठा, पेठांतली दुकानं. गावातल्या बाया कौतुकाने म्हणत, "काय तुझं नमन रे बाबा. माझ्या सगळ्या भाकऱ्या भाजून होतात." ते ऐकून त्याला बरं वाटायचं. भाकऱ्यांकडे लक्ष होतं म्हणजे नमनाकडे नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

एके दिवशी दुपारी ऊन असतानाच दरी पांढरी झाली. धुकं असं झपाट्याने वर आलं की माणसं चुलीवरची कालवणं तशीच टाकून धावली. दार लागलं. अडसर पडला. कथेकरी दगडावर बसला. म्हातारा बाप काठी टेकत त्याच्या शेजारी येऊन बसला.

फटीतून बाहेर काही दिसत नव्हतं. मग गार वारा आल्यासारखं झालं आणि अगदी फळीला लागून आवाज आला.

"हूं."

म्हणजे, कर सुरू.

कथेकऱ्याने हात जोडले. सुरुवात केली. "आधी वंदन गजाननाला, मग वंदन शारदेला..."

"हूं," बाहेरून आला. पण तो जरा लांबून.

नमन डोंगरांपर्यंत आलं तसा म्हाताऱ्याने काठी मुलाच्या गुडघ्यावर मारली. कथेकऱ्याला वाटलं, एखादा डोंगर चुकला. तो घाबरला आणि पुन्हा गजाननापासून धरलं. म्हाताऱ्याने कपाळावर हात मारून घेतला.

आता हूं येईना.

कथेकरी बोलत राहिला आणि कान बाहेर लावून राहिला. भिंतीच्या पलीकडून काहीतरी ओलं फरपटत गेल्यासारखं वाटलं. आणि त्याच वेळी दुरून, माळाच्या वाटेने, दुसरा एक आवाज आला. बारीक. किण, किण.

घुंगरू. त्याच्या घरच्या करडाच्या गळ्यातलं.

करडू चुकलं म्हणून सकाळपासून कथेकऱ्याची लेक ते शोधत हिंडत होती. त्याला वाटलं होतं ती आजीपाशी असेल. आजीला वाटलं असेल ती बापापाशी असेल. ती माळावर होती. आणि आता ती करडाला घेऊन घरी येत होती, त्याच वाटेने.

किण, किण.

"हूं," धुक्यातून आला. दाराशी नव्हे. माळाच्या बाजूने. तो आता दुसरंच काही ऐकत होता, आणि त्याला ते आवडलं होतं.

ओरडावं असं कथेकऱ्याच्या मनात आलं. पण ओरडला असता तर लेकीने "आले, बाबा" म्हणून ओ दिली असती, आणि तेवढा आवाज धुक्यातल्याला पुरला असता. गप्प बसावं तर तो चाललाच होता तिकडे. पुन्हा नमन धरावं तर ते ऐकायला तो थांबणार नव्हता. सात राज्यं, सोन्याच्या पेठा, सगळं डोक्यातून पुसून गेलं. उरली एकच गोष्ट, आणि ती बाहेर सांगणं म्हणजे लेकीचा पत्ताच त्याला देणं.

त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने काठी उचलली आणि फटीकडे रोखली. सांग.

कथेकरी फटीला तोंड लावून हळू म्हणाला, "दाराला अडसर पडला तेव्हा एक पोर बाहेर राहिली होती, आणि हे फक्त तिच्या बापाला कळलं होतं."

फरपटणं थांबलं.

मग पुन्हा अगदी फळीला लागून आवाज आला, आणि या वेळी नुसता हूं नव्हता. कुणाकुणाचे चोरलेले आवाज एकत्र मळल्यासारखा तो आवाज होता. त्यात कुंभाराच्या म्हातारीचा होता. त्याच्या बापाचाही होता.

"मग तो बाप का बोलला नाही?"

कथेकऱ्याला आता मागे फिरता येत नव्हतं. "कारण बाहेर कुणीतरी उभं होतं," तो म्हणाला, "आणि त्याला कान होते."

"हूं. त्याला कळलं?"

"कळलं."

"कधी?"

"आत्ता."

धुकं फटीतून आत आलं, इतका तो पुढे वाकला होता. "मग त्याने काय केलं?"

"तेच सांगतोय," कथेकरी म्हणाला. "पण तो जागचा हलला असता, तर त्याने काय केलं ते त्याला कधीच ऐकायला मिळालं नसतं. सांगणारा तिथेच गप्प झाला असता."

"नाही हलला तो," बाहेरचा घाईने म्हणाला. "पुढे?"

इकडे म्हातारा उठला होता. दारापासून थोडं पलीकडे, गावकुसाला जमिनीलगत वासरं आत घ्यायची एक खिडकी होती. धुक्यात तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. म्हाताऱ्याची होती. त्याच्यापाशी घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्याने कडी काढली आणि हात बाहेर घातला.

कथेकरी सांगत होता. पोर कशी चालत होती, तिला समोरचं कसं दिसत नव्हतं, करडू कसं पोटाशी धरलं होतं. त्यातलं त्याने काहीच पाहिलेलं नव्हतं, पण ज्याची लेक बाहेर असते त्याला सगळं दिसतं. प्रत्येक वाक्याला हूं येत होता. घुंगरू मध्येच वाजलं, भिंतीपाशी, अगदी जवळ. कथेकरी वाक्य अर्धं टाकून थांबला.

"थांबू नकोस," बाहेरचा कळवळून म्हणाला. घुंगरू त्याने ऐकलंच नव्हतं.

"मग तिला भिंतीतून एक हात दिसला," कथेकरी म्हणाला. "आणि तो हात आपल्या माणसाचा आहे की त्याचा, हे तिला कळेना."

खिडकीपाशी म्हाताऱ्याच्या हाताला गार बोटं लागली. बोटं घाबरून मागे गेली. मग त्या बोटांनी त्याच्या अंगठ्यावरची जुनी गाठ चाचपली आणि हात घट्ट धरला. पोर आत आली, करडू आत आलं, कडी लागली.

कथेकऱ्याने तिला पाहिलं. "तिने तो हात ओळखला," एवढंच तो कसाबसा म्हणाला.

मग बाहेरून एक लांब हूं आला, उसासा टाकल्यासारखा, आणि तो दूर दूर जात दरीत उतरला. मागोमाग ऊन पडलं. लोकांनी दार उघडून पाहिलं तर फळीला लागून माती ओली होती, दोन पायांपुरती. पाय दाराकडे वळलेले.

शहाणे आले. "नमन अर्धंच राहिलं की रे. दोष लागेल."

"आता करतो," कथेकरी म्हणाला. लेकीला मांडीवर घेऊन त्याने गजाननापासून सगळे डोंगर, सगळे ओढे म्हटले. लेक पहिल्या डोंगरालाच झोपली. म्हातारा मात्र शेवटपर्यंत शेजारी बसला होता. प्रत्येक नावाला त्याचे ओठ हलत होते, हूं म्हटल्यासारखे.

खाली तात्पर्य हवंच असतं, म्हणून देतो.

तात्पर्य: जिथे आपला स्वतःचा जीव अडकलाय तिथून गोष्ट सुरू करावी. आधीची आरास ऐकायला कुणी थांबत नाही.

गेल्या दिवाळीत माझ्या गोष्टीची पहिली ओळ खोडून तिथे "नमस्कार बालमित्रांनो, दिवाळी आली, आनंद घेऊन आली" असं ज्याने घातलं, त्याने हे दोनदा वाचावं. त्याच्याकडून माफी अजून यायची आहे. तो म्हणजे आपल्या अंकाचा संपादक, केरबा ढेबे.