खोकल्याची जागा

फार जुन्या काळची ही गोष्ट. तेव्हा राजे पुष्कळ होते, पण त्यांची नावं कुणी लक्षात ठेवत नसे. गावं मात्र त्यांच्या जत्रांवरून ओळखली जात. अशाच एका डोंगरपायथ्याच्या गावात देवीची जत्रा भरे आणि जत्रेत सावल्यांचा खेळ होई.

पांढरा पडदा ताणायचा, त्याच्यामागे करंजेलाचा, म्हणजे करंजाच्या तेलाचा, मोठा दिवा लावायचा, आणि दिवा नि पडदा यांच्यामध्ये चामड्याच्या बाहुल्या नाचवायच्या. पुढे बसलेल्यांना फक्त सावल्या दिसत. खेळाची गोष्ट दरवर्षी एकच. लढाईवर गेलेला मुलगा आज परत येणार म्हणून आई स्वयंपाक करते, ताट वाढायला घेते, आणि तेवढ्यात दारात सांगावा घेऊन स्वार येतो. मुलगा यायचा नाही. मग आईचा विलाप.

त्या वर्षात ज्यांच्या घरातलं कुणी गेलं असेल, ती माणसं खेळाला पहिल्या रांगेत बसत. कामाच्या रगाड्यात जे रडणं राहून गेलेलं असे, ते इथे होई. माणसं डोळे पुसत उठत, देवीपुढे नारळ फोडत आणि घरी जाऊन पोटभर जेवत.

या खेळाचा मान सोमाजी खेळियाच्या घराण्याकडे होता. घराणं मोठं कडक बरं का. त्यांच्यात एक नेम असा होता, की खेळियाच्या पोटी जन्मलेल्याने कधी पडद्यापुढे बसून खेळ बघू नये. बघितला तर हातातली कला जाते. हे कुणी सांगितलं, कधी सांगितलं, विचारायची सोय नव्हती.

सोमाजी म्हातारा झाला. नजर अधू झाली, हात थरथरू लागले. तेव्हा त्याने बाहुल्यांची पेटी आपल्या मुलीच्या, भिवराच्या, हवाली केली. भिवराचा हात असा, की बाहुली पाणी प्यायली तर बघणाऱ्याची तहान भागावी. धाकटा भाऊ रावबा ढोलकं वाजवी आणि स्वाराची बाहुली धरी. दोघांनी बापाचा खेळ जसाच्या तसा उचलला होता. इतका जसाच्या तसा, की विलापाच्या आधी सोमाजी खोकत असे, तर ही दोघंही तिथे न चुकता खोकत. रावबा तर हुबेहूब बापाच्या सुरात खोके. खोकल्यावाचून विलाप म्हणजे मिठावाचून आमटी, असं त्याचं ठाम मत होतं.

पण काय झालं कोण जाणे, लोक रडेनासे झाले. भिवराची बाहुली ऊर बडवून घेई, केस मोकळे सोडी, पडे, उठे, पुन्हा पडे. पहिल्या रांगेतली माणसं म्हणत, "वा! काय हात आहे पोरीचा!" आणि कोरड्या डोळ्यांनी घरी जात.

पाटलांनी एक जत्रा पाहिली, दुसरी पाहिली. मग भिवराला चावडीवर बोलावून घेतलं.

"भिवरा, तुझ्या हाताला नाव ठेवायला जागा नाही," पाटील म्हणाले. "पण पहिल्या रांगेत आमची थोरली वहिनी बसली होती. तिचा कर्तासवरता मुलगा गेला. खेळ संपल्यावर ती मला म्हणते, बाहुली छान नाचली हो भावोजी. आता तूच सांग, तिने घरी काय न्यायचं? पुढच्या जत्रेतही असंच झालं, तर मान घाटाखालच्या सोंगाड्यांना द्यावा लागेल. निदान लोक हसतील तरी."

भिवराच्या पायाखालची जमीन सरकली. मान गेला तर बाहुल्या पेटीत पडून राहणार, आणि म्हाताऱ्या बापाला ते आपल्या कानांनी ऐकावं लागणार. ती तडक घरी आली.

"आबा, तुमच्या खेळाला लोक का रडायचे?"

"का म्हणजे? विलाप असतो म्हणून."

"मीही तोच विलाप करते."

"मग अजून घोट. हात बसला की सगळं होतं."

भिवराने अजून घोटलं. बाहुली आधीपेक्षा जास्त ऊर बडवू लागली. भिवराला मात्र मनातून कळत होतं, की अशाने लोक रडणार नाहीत.

नदीपलीकडे एक शास्त्रीबुवा राहत. माणूस का हसतो, का रडतो, लटक्या गोष्टीला डोळ्यांत खरं पाणी का येतं, याचा विचार करण्यात त्यांनी केस पांढरे केले होते. दरवर्षी ते जत्रेला येत, कडेला बसत, आणि बाहुल्यांकडे कमी नि माणसांच्या तोंडाकडे जास्त बघत. खेळियांच्या घरात त्यांची भारी टवाळी चाले. "जन्मात बाहुली हातात धरली नाही, आणि निघाले शास्त्र सांगायला," असं सोमाजी म्हणे, आणि भिवरा खो खो हसे. आता ते हसू गिळून ती नदी ओलांडून गेली.

शास्त्रीबुवा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मूठभर दाणे तिच्या हातावर ठेवले आणि विचारलं, "विलाप चालतो, तेव्हा दुःख कुठे असतं?"

"बाहुलीत."

"बकऱ्याच्या चामड्यात?"

"मग माझ्या हातात."

"तुझ्या हातात कसब आहे. तुला त्या वेळी पुढची ओळ आठवायची असते, दिवा सांभाळायचा असतो. दुःख पुढे बसलेल्यांकडे आहे, पोरी. ते घरूनच घेऊन येतात. बाहुलीने त्याला फक्त जागा करून द्यायची. तुझी बाहुली सगळं आपणच रडून घेते, मग पुढच्यांना बघत बसण्यावाचून काय उरतं? शोकात काहीतरी रिकामं ठेवावं. म्हणजे बघणारा तिथे आपलं माणूस आणून बसवतो."

भिवरा दाणे खायची विसरली. इतकी वर्षं खेळ करून ही गोष्ट तिच्या मनाला शिवली नव्हती. परत येताना ती जवळजवळ धावतच आली.

थोड्याच दिवसांनी शेजारच्या वाडीत खेळ होता. भिवराने ठरवलं, रिकामं ठेवायचं ना, मग सगळंच रिकामं ठेवू. विलाप आला तशी तिने बाहुली उभी केली आणि अजिबात हलवली नाही. रावबाला ढोलकं बंद करायला लावलं. पडद्यावर आई उभी. नुसती उभी. लोक वाट बघत राहिले. शेवटी एक पोरगं ओरडलं, "आये, बाहुली अडकली!" आणि सगळी वाडी पोट धरून हसली.

भिवराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"त्यांचं शास्त्र नदीत सोड, ताई," रावबा पेटी आवरताना म्हणाला. "आपला खोकला आपल्याला बरा."

सकाळ होताच भिवरा पुन्हा त्या ओसरीवर उभी. "शास्त्रीबुवा, तुमचं ऐकलं आणि माझी अब्रू गेली."

काय केलं, कसं केलं, ते शास्त्रीबुवांनी खोदून खोदून विचारलं. ते हसले नाहीत. उलट त्यांचंच तोंड उतरलं.

"चूक माझीही आहे," ते म्हणाले. "का थांबायचं ते मी सांगितलं. कुठे थांबायचं आणि किती, ते मला कुठून ठाऊक असणार? मी कधी पडद्यामागे बसलो नाही."

"आणि मी कधी पुढे बसले नाही."

"कधीच नाही?"

"आमच्यात बसत नाहीत. कला जाते."

"कुणाची गेली?"

भिवराने आठवून पाहिलं. कुणी बसलंच नव्हतं, तर जाणार कुणाची?

त्याच संध्याकाळी सोमाजीच्या अंगणात पडदा लागला. सोमाजी कुरकुरला, पण मान जाण्यापेक्षा हे बरं म्हणून घरात जाऊन बसला. शास्त्रीबुवा मागे दिव्यापाशी बसले. आईची बाहुली रावबाने धरली, तीही नेम मोडतोय म्हणून देवीची क्षमा मागून. भिवरा पुढे येऊन एकटीच बसली. तिने दोन्ही हात पदराखाली लपवले होते. काही व्हायचंच असेल तर निदान ते आपल्याला दिसू नये, असं तिला वाटत होतं.

खेळ सुरू झाला. लहानपणापासून जिला नाचवलं ती बाहुली भिवराला अनोळखी वाटली. पडद्यावर एक बाई लगबगीने चूल फुंकत होती, पाट मांडत होती, दाराकडे बघत होती. तिने ताटात भात वाढला आणि वरणाची पळी उचलली. स्वार आला. या ठिकाणी दिवा पुढे ओढायचा असे, म्हणजे सावली मोठी होते. शास्त्रीबुवांनी सांगितल्याप्रमाणे दिवा ओढला, आणि करंजेलाचा सगळा धूर त्यांच्या नाकातोंडात गेला. त्यांना असा ठसका लागला, की आधाराला त्यांनी रावबाचा हात घट्ट धरला.

पळी वर राहिली. ताटावर भात होता, पळीत वरण होतं, आणि हात खाली येत नव्हता.

भिवराला आपली आई आठवली. आई गेली त्या दिवशी चुलीवरचा भात तसाच राहिला होता, तो कुणी उतरवलाच नव्हता. करपल्याचा वास घरभर होता. कित्येक वर्षांत हे तिला आठवलं नव्हतं. ती अंगणात बसून हमसून हमसून रडू लागली.

रावबा धावत पुढे आला. "चुकलं गं ताई. बुवांनी हात धरला, मी काय करू?"

"चुकलं नाही, रावबा," भिवरा म्हणाली. "अजिबात चुकलं नाही."

ती नदीपलीकडे गेली नसती, तर तिनेही ही चूकच समजली असती आणि रावबाला दोन शब्द सुनावून विसरून गेली असती. आता तिला नेमकं कळत होतं, की आपल्या आईला बसायला जागा कुठे मिळाली. ती उठून सोमाजीकडे गेली.

"आबा, विलापाच्या आधी तुम्ही का खोकत होता?"

"का म्हणजे? धूर जायचा नाकात. दिव्यापासून उठलो, तेव्हापासून खोकला नाही बघ मला."

"आणि खोकताना बाहुली काय करायची?"

"बाहुली काय करणार? थांबायची. ठसका लागल्यावर कुणाचा हात चालतो? पळी तशीच राहायची वर."

"आणि लोक?"

"लोक तिथूनच रडायला..." सोमाजी बोलता बोलता थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "मला जन्मभर वाटलं, ते विलापाला रडतात."

रावबाने कपाळावर हात मारून घेतला. घराण्याने खोकला जिवापाड जपला होता, आणि थांबणं टाकून दिलं होतं.

मग जत्रेपर्यंत अंगणात नुसती धामधूम. पळी थोडकीच थांबली, तर कुणाच्या लक्षात येईना. फार थांबली, तर बाहुली अडकल्यासारखी वाटे. शास्त्रीबुवा म्हणाले, थांबण्याआधी घाई हवी, नाहीतर थांबलेलं कळणार कसं. भिवराने आईची लगबग वाढवली. शास्त्रीबुवांना स्वाराचं भाषण लांब हवं होतं. भिवरा म्हणाली, तेवढा वेळ पळी धरली तर हात कापतो आणि सावली कापते, करून बघा. त्यांनी करून बघितलं आणि भाषण तोडलं. दोघं रोज भांडत, आणि रोज संध्याकाळी एकमेकांची जागा घेऊन बघत.

"आणि घराण्याचा खोकला?" रावबाने काळजीने विचारलं.

"सोडायचा," भिवरा म्हणाली.

जत्रा आली. पाटलांनी थोरल्या वहिनीला पुन्हा पहिल्या रांगेत बसवलं होतं, कारण तिचं रडणं राहून गेलेलं होतं. तिच्या शेजारी सोमाजी येऊन बसला. त्याच्या अधू नजरेला सावल्या दिसत नव्हत्या, पण पडद्यापुढे बसायचं धाडस त्याने एकदाचं केलं.

आईने चूल फुंकली, पाट मांडला, भात वाढला. दाराकडे बघत बघत तिने पळी उचलली. स्वार आला, आणि पळी थांबली.

पडद्यामागे भिवराचा हात खाली यायला बघत होता, ऊर बडवायला बघत होता. तिने तो धरून ठेवला.

पहिल्या रांगेतून आवाज आला. पाटलांची वहिनी कुणाला सांगत नव्हती, आपल्याशीच बोलत होती. "त्याचं ताट मी झाकून ठेवलं होतं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. मग तिच्या पलीकडचा म्हातारा रडला, मग मागची बाई. भिवराने पळी हळूच वरणाच्या भांड्यात परत ठेवली. विलाप करायची गरजच उरली नाही.

खेळ संपल्यावर पाटील डोळे पुसत आले आणि मानाचा नारळ भिवराच्या ओटीत घालून गेले. वहिनी त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवली. सोमाजी लेकीचा हात शोधत म्हणाला, "माझा खेळ मी आज ऐकला गं."

तेव्हापासून त्या घराण्याचा जुना नेम मोडला. शिकायला येणाऱ्याला आधी पडद्यापुढे बसवत, मगच बाहुली हातात देत. शास्त्रीबुवाही शिष्यांना काही सांगण्याआधी दिव्यापाशी बसवू लागले. पुढे भिवराचे शिष्य तिच्यासारखीच पळी थांबवू लागले. ती विचारी, "इथे का थांबलास?" कुणी म्हणालं, "तुम्ही थांबता म्हणून," की ती बाहुली काढून घेई आणि त्याला पुन्हा पडद्यापुढे नेऊन बसवी.

तात्पर्य, कला करणाऱ्याने आपल्या हाताला 'का' विचारावं आणि मिळालेलं उत्तर पुन्हा हाताने करून बघावं. नुसत्या नकलेत खोकला तेवढा उरतो, आणि नुसत्या नियमात बाहुली अडकून बसते.