दोन दोर आणि देवीची काठी

फार पूर्वी दोन बलाढ्य साम्राज्यांच्या मधल्या खिंडीत तळहाताएवढं एक राज्य होतं. तिथली राणी दर चैत्रात देवीची साठ हात उंच काठी स्वतः कमरेशी पेलून मिरवायची. काठीचा तोल राखायला शेंड्यापासून दोन बाजूंना दोन दोर सोडलेले असत. ते धरायचा मान पाहुण्यांचा.

एका वर्षी ऐन जत्रेत पूर्वेचा सम्राट फौजेनिशी आला. "काठीवर माझं निशाण लाव, नाहीतर इथं गाढवाचा नांगर फिरवीन!" खिंडीच्या दुसऱ्या तोंडाने पश्चिमेचा सम्राट आला. त्याचंही तेच म्हणणं.

प्रधान रडकुंडीला आला. "राणीसाहेब, इकडे आड, तिकडे विहीर!"

राणी दोघांपुढे जाऊन म्हणाली, "निशाण देवीचंच राहील, महाराज. पण तुम्ही पाहुणे, दोराचा मान तुमचा. रिवाज एकच. ज्यानं दोर सोडला, त्याचा मान दुसऱ्याला गेला."

दुसऱ्याला? छे! दोघांनी झटकन दोर धरले.

काठी उभी राहिली. पूर्वेच्या सम्राटानं लगेच हिसका दिला. काठी करकरत त्याच्याकडेच झुकली आणि लोक किंचाळले. त्यानं घाबरून दोर सैल केला. मग पश्चिमेच्यानं ओढून पाहिलं, त्याचीही तीच गत झाली. ओढावं तर काठी आपल्याच डोक्यात, सोडावं तर मान समोरच्याला! दोघं घामाघूम होऊन बेतानं दोर धरून राहिले.

आणि काय सांगावं! काठी आभाळात सरळ उभी राहिली. सारी खिंड श्वास रोखून वर बघत होती. सैनिकांनी भाले खाली ठेवून हात जोडले. दोन्ही सम्राटसुद्धा मान वर करून बघतच राहिले. राणीचे पाय मात्र क्षणभरही थांबले नव्हते. झोक जाईल तिकडे ते बोट बोट सरकत होते.

संध्याकाळी काठी उतरली. "पुढच्या वर्षी माझा दोर राखून ठेव," असं दोघंही बजावून गेले.

राणीच्या सोललेल्या तळहातांना हळद लावत दासी म्हणाली, "सुटलो म्हणायचं, राणीसाहेब!"

"कसलं सुटतोय, बाई," राणी हसली. "काठी देवळात गेली. राज्य अजून हातातच आहे."

तात्पर्य एवढंच: दोन बलिष्ठांच्या मधे राहायचं तर दोर दोघांच्याही हाती द्यावा, बुंधा मात्र आपल्या हातून सुटू देऊ नये.