डाव्या सोंडेचा गणपती

“पण अप्पा, माझं चुकलं कुठं, एवढं तरी सांगाल?”

अप्पा कारखानीस ओसरीवर पान जमवत बसले होते. गावातल्या निम्म्या फोटोग्राफरांनी कॅमेरा धरायला त्यांच्याकडेच शिकलेलं. आता वय झालं, स्टुडिओ बंद केला. पण शिष्य काही पाठ सोडत नव्हते.

“कशात चुकलं?”

“स्लाइडमध्ये.”

विद्याधर उभाच होता. गडी भारी मानी. मागे याच ओसरीवर छाती काढून म्हणाला होता, “रंगीत निगेटिव्हवरून घरच्या घरी पडद्यावर दाखवायची स्लाइड करतो की नाही बघा! तुम्हीसुद्धा केली नसेल.” अप्पा म्हणाले होते, “कर.”

आणि पठ्ठ्यानं केलीही! न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडं ठोकलं. कोऱ्या फिल्मच्या तोंडाला, म्हणजे मंद बाजूला, निगेटिव्हचं तोंड लावून छापलं, रसायनांत धुतलं. निगेटिव्हमधला निळाशार गणपती स्लाइडवर शेंदरी होऊन आला. रंग असा, की नाव ठेवायला जागा नाही.

हा सगळा खटाटोप आईसाठी. म्हातारी दर चतुर्थीला डोंगरावरच्या गणपतीला जायची. आता खुब्याचं हाड मोडून खाटेला खिळली होती. उद्या सकाळी ऑपरेशन. लांबवलं तर पुन्हा चालणं विसरा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि म्हातारी हटून बसलेली... आधी दर्शन, मग ऑपरेशन!

“दुपारी पडद्यावर दाखवला,” विद्याधर म्हणाला. “आई म्हणते, हा उजव्या सोंडेचा. आपला डाव्या सोंडेचा. हा आपला गणपती नव्हेच. आणि तोंड फिरवून पडली.”

“बरोबर बोलली.”

“अहो, बरोबर काय! फिल्मची चकचकीत बाजू आपल्याकडे, मंद बाजू पडद्याकडे. तुम्हीच शिकवलंत ना? अगदी तसंच प्रोजेक्टरमध्ये घातलंय. तरी सगळं उलटं! कोरी फिल्म संपली. दुसरी मुंबईहून यायची, आणि उद्या तर...”



अप्पांनी पान तसंच ठेवलं. काठी घेतली.

“चल.”

विद्याधरच्या घरात भिंतींना गडद निळा रंग. म्हणून त्यानं खोलीच्या मधोमध दोरीवर पांढरं धोतर ताणून बांधलं होतं. अलीकडे प्रोजेक्टर आणि आईची खाट. पलीकडे नुसता अंधार.

“लाव,” अप्पा म्हणाले.

गणपती उमटला. उजव्या सोंडेचा. आईनं डोळे उघडलेच नाहीत.

अप्पा उठले... आणि धोतराखालून वाकून पलीकडे गेले. तिकडे भुईवर बसल्याचा आवाज आला.

“अप्पा? तिकडे काय करताय?”

“दर्शन घेतोय.”

“तिकडून?”

“इकडून सोंड डावी आहे रे.”

विद्याधर धावतच पलीकडे गेला. बघतो तर काय... डाव्या सोंडेचा! डोंगरावरचा, अगदी तोच!

“आई! अगं, इकडे ये!” तो ओरडला, आणि जीभ चावली. ती कशी येणार?

मग त्यानं धोतराची एक बाजू सोडली. आईच्या मानेखाली हात घालून उशी सारखी केली. पायथ्याला अप्पांनी हात दिला, आणि दोघांनी मिळून खाट उचलली. हळू. आणखी हळू.

“हात केवढे काळे झालेत रे तुझे,” आई म्हणाली. “आणि वास कसला येतोय? रोज नुसता न्हाणीघरात खुडबुडत असतोस. जरा टेकत नाहीस माझ्यापाशी.”

खाट टेकवून त्यानं धोतर पुन्हा ताणून बांधलं.

आईनं डोळे उघडले.

“अगं बाई... आला गं माझा मोरया!” तिचे हात आपसूक जोडले गेले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग म्हणाली, “आता न्या मला, कुठं न्यायचं तिथं.”

विद्याधर खाटेच्या कडेला बसला. आईनं त्याचा हात धरून ठेवला होता. कित्येक दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला. आणि श्वास मोकळा झाला तशी अक्कलही ठिकाणावर आली.

“अप्पा!” त्यानं कपाळावर हात मारला. “तोंडाला तोंड लावून छापलेली फिल्म ती! तिला तो नियम उलटाच लागणार. अहो, नुसती स्लाइड पालथी घातली असती तरी भागलं असतं!”

“भागलं असतं.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“ओसरीवरच.”

“मग बोलला का नाहीत?”

अप्पा काठी चाचपत उठले. दाराशी थांबले. आईच्या हातातल्या त्याच्या हाताकडे बघितलं...

“मग खाट कुणी उचलली असती?”