सरदार शेरजंगरावांची कलिंगडाची मोहीम

टेंभुरगडच्या राजाचा कुत्रा मरायला टेकला होता, आणि तो कुत्रा आहे असं म्हणायची गडावर एकाचीही छाती नव्हती!

कारण राजा भुजंगरावाने त्याला सरदार केला होता. सरदार शेरजंगराव! नावावर नदीकाठची जहागीर, डोक्याला मंदिल, बसायला गादी, जेवायला चांदीचं ताट. ताटात पुरणपोळी, बासुंदी, कांदाभजी, मनुका घातलेला शिरा. सगळं मानाला साजेसं. पोटाला साजेसं त्यात घासभर नव्हतं, पण विचारतो कोण! शेरजंगराव मृदंगासारखे फुगले. केस झडले, पोट जमिनीला घासू लागलं, आणि भुंकायला तोंड उघडलं की नुसती ढेकर यायची.

त्यांची देखभाल बिरू धनगराकडे. राजाने त्याला बोलावून घेतलं.

"बिरू! पाडव्याच्या दरबारात सरदार आपल्या पायांनी पायऱ्या चढून आले पाहिजेत. नाहीतर तुझं मुंडकं वेशीवर!"

"सरकार, त्यांचं खाणं बदलतो. भाकरी, ताजं मटण..."

"खबरदार!" दिवाण हैबतराव गरजले. "सरदाराला कुत्र्याचं खाणं? गादीचा अपमान!"

"बरोबर!" राजा म्हणाला. "कुत्र्याचं खाणं घातलंस तरीही मुंडकं वेशीवर!"

म्हणजे घातलं तरी मेला, न घातलं तरी मेला. असा न्याय करायला राजाच लागतो. साध्या माणसाला जमत नाही.

बिरू घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. त्याची लेक हौसा चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तिने सगळं ऐकलं आणि ताट पुढे सरकवलं.

"जेवा आबा. मुंडकं आहे तोवर जेवून घ्यावं. उद्या मी जाते गडावर."

दुसऱ्या दिवशी ती दरबारात गेली, तर तिथे एक व्यापारी रंगीत पेटी घेऊन उभा.

"सरदारांसाठी विलायती खाणं, सरकार! पेटीवर वाघ बघा!"

"आत काय आहे?" हौसाने विचारलं.

"वाघ बघ की पोरी!"

"बघितला. आत काय आहे?"

"सोनेरी रंग आहे! खरा!"

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही. मग सरदारांनी खायचं काय, वाघ की रंग?"

शेरजंगरावांनी पेटी हुंगली, शिंकले आणि पाठ फिरवून बसले. व्यापारी पेटी काखेत मारून निघाला. अख्ख्या दरबारात नाक तेवढं त्या कुत्र्यालाच होतं!

"तू कोण गं?" राजाने विचारलं.

"बिरूची लेक, सरकार. गाऱ्हाणं घेऊन आले. नदीकाठच्या कलिंगडाच्या वाड्यांत कोल्हे शिरलेत. सरकारचा मुलूख लुटतात, आणि सरकारचे सरदार गादीवर ढेकर देतात!"

राजाच्या मिशा थरथरल्या.

"मोहीम! शेरजंगराव, कूच करा!"

शेरजंगरावांनी ढेकर दिली. सरदारांनी हुकूम मानला, असं चिटणिसाने लगेच लिहून घेतलं.

"मोहिमेवर थोरल्या सरकारांचाच कायदा चालेल ना?" हौसाने हळूच विचारलं.

"आमच्या आजोबांचा कायदा? चालेल म्हणजे? चालणारच!"

तो कायदा गडावर शेंबड्या पोरालाही पाठ होता. मोहिमेवर सरदाराने शिपायाच्या पंगतीत भाकरी-मटणच जेवायचं. गोडाला, तळणाला शिवायचं नाही. आणि शिधा जो पाठवील, त्याने पहिला घास स्वतः खाऊन दाखवायचा.

झालं! ढोल वाजले, निशाण निघालं, सरदार पालखीतून नदीवर पोहोचले. हौसाने त्यांचा मंदिल उतरवला आणि त्यांना वाळूत सोडलं. मटण शिजवून त्याच्या अळणी पाण्यात बाजरीची भाकरी कुस्करली. मीठ नाही, मिरची नाही, कांदा नाही. शेजारी स्वच्छ पाणी.

मोहिमेचा शिधा दिवाणांकडून यायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी धाडलेल्या मटणाला वास येत होता. हौसाने त्यांनाच बोलावणं धाडलं.

"दिवाणजी, पहिला घास तुमचा. कायदा आहे!"

दिवाणांनी मटणाकडे पाहिलं आणि नाकाला उपरणं लावलं. त्या दिवसापासून मटण असं ताजं येऊ लागलं, की खाटकालाच नवल वाटलं!

शेरजंगराव आधी रुसले. शिऱ्याची वाट बघत बसले. मग भुकेने भाकरी चाटली, मग खाल्ली, मग आणखी मागितली. कोल्हे सुरुवातीला त्यांना पडलेला ढोल समजून वळसा घालून जायचे. एका सकाळी ढोल उठला आणि मागे लागला! कोल्हे जे पळाले, ते शेजारच्या राज्यात जाऊन थांबले.

पाडवा उजाडला. दरबार भरला. बिरू मान चाचपत उभा. तेवढ्यात शेरजंगराव बाणासारखे पायऱ्या चढून आले! अंगावर चकचकीत केस, कंबर बारीक, आणि असे भुंकले की चोपदाराच्या हातची काठी पडली.

राजा टाळी वाजवणार, तोच दिवाण पुढे सरसावले.

"थांबा सरकार! या पोरीने सरदारांना भाकरी अन् हाडाचं पाणी घातलं. कुत्र्याचं खाणं! बिरूचं मुंडकं उतरवा!"

राजाचे डोळे लाल.

"पोरी, खरं हे?"

"भाकरी घातली हे खरं, सरकार. थोरल्या सरकारांच्या कायद्याने घातली. तेही मोहिमेवर हेच खायचे, आणि त्यांचे सगळे सरदारही. आता दिवाणजी म्हणतात, हे कुत्र्याचं खाणं. मग थोरले सरकार कोण होते, ते दिवाणजींनाच विचारा!"

दिवाणांनी बोलायला तोंड उघडलं. नुसती ढेकर आली.

राजा आधी गोरामोरा झाला. मग त्याचं पोट हललं, मग मिशा, आणि मग असा हसला की मंदिल गळून मांडीवर पडला!

"माग पोरी, काय हवं ते!"

"आबांचं मुंडकं जागच्या जागी राहू द्या. आणि शेरजंगरावांची सरदारकी काढून त्यांना पुन्हा कुत्रा करा."

"केला! त्यांची नदीकाठची जहागीर तुला! पण त्या चांदीच्या ताटाचं काय करायचं?"

"मानाची एवढी काळजी दिवाणजींनाच आहे, सरकार. त्यांना द्या. रोज भरून!"

पुढच्या पाडव्याला दिवाण हैबतरावांना पायऱ्या चढवायला चार भोई लागले. शेर्‍या मात्र खालपासून वरपर्यंत त्यांच्यावर भुंकत गेला, आणि राजा हसून हसून गादीवरून घसरला!