नथूने मधे घातलेला पुठ्ठा

सोमवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. भोपळखेड्याच्या ग्रामपंचायतीत ग्रामसभा भरलेली. भरसभेत सरपंचबाई आणि त्यांचे यजमान यांच्या मधोमध शिपायाने एक पुठ्ठा उभा केला. असं का झालं, ते ऐका.

या भोपळखेड्यात नथू नावाचा एक भोळा शिपाई होता. त्याची नोकरी कच्ची. ती पक्की करणं तात्यांच्या हातात. तात्या म्हणजे सरपंच शेवंताबाईंचे यजमान. निवडून आल्या होत्या शेवंताबाई, पंचायत चालवत तात्या. पंचायतीच्या ओट्यावर पिंजरा टांगून त्यांनी लव्हबर्डची जोडी पाळली होती. ग्रामसभेपर्यंत जोडी नीट सांभाळ, त्याच सभेत तुझा ठराव घेतो, असं त्यांनी नथूला सांगितलं.

नथू पिंजऱ्यासमोर ठाण मांडून बसला.

पहिल्या दिवशी नराने मान खालीवर केली आणि पोटातले दाणे काढून मादीच्या चोचीत घातले. नथूला वाटलं, याला उलटी झाली, तीही बायकोच्या तोंडात. त्याने नराला बाहेर काढलं आणि कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला लावल्या. नर अर्धमेला झाला.

तात्या म्हणाले, "अरे येड्या, तो तिला भरवत होता. नवराबायकोचा मामला आहे. चोचीत चोच दिसली की पाठ फिरवून उभं राहायचं."

"बरं तात्या," नथू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दाण्यांवरून जुंपली. चोचीत चोच अडकली. नथूने पाठ फिरवली. मागे आरडाओरडा चालला होता, पण तो काही वळला नाही. वळला तेव्हा नराच्या पायाचं एक नख गेलेलं.

तात्या म्हणाले, "डोळे फुटले होते का? रक्त दिसलं की मधे पुठ्ठा घालून दोघांना वेगळं करायचं."

"बरं तात्या."

तिसऱ्या दिवशी पंचायतीत आरोग्य शिबिर होतं. सिस्टरने म्हाताऱ्या भिकाआजीच्या दंडाला रबर बांधलं, सुई टोचली. नळीत रक्त आलं. नथू खोक्याचा पुठ्ठा घेऊन धावला आणि दोघींच्या मधे घुसला. सुई निसटली, सिस्टर खुर्चीसकट मागे पडली. भिकाआजी मात्र म्हणाली, पोरगा गुणाचा आहे.

तात्यांनी कपाळ बडवून घेतलं. मग त्याला पिंजऱ्यापाशी नेलं.

"नुसतं रक्त काय बघतोस? वागणूक बघ. एक जण सारखा अंगावर सरकतो, दुसऱ्याच्या वाट्याचं स्वतःच खातो. दुसरा दांडीच्या टोकाला जातो, मान खाली घालतो, आवाज करत नाही. म्हणजे समजायचं, दाबतोय. तिथे पुठ्ठा घालायचा. कोण आहे ते बघायचं नाही."

"कोणी असला तरी?"

"कोणी असला तरी."

नथूने हे मनात घोकून ठेवलं.

ग्रामसभेच्या दिवशी पाखरं ठणठणीत होती. नोकरी आता पक्कीच, म्हणून नथू धुतलेला सदरा घालून दारात उभा राहिला. समोर दोन खुर्च्या. एकीवर शेवंताबाई, दुसरीवर तात्या. कोणी सरपंचबाईंना काही विचारलं की उत्तर तात्या देत. बोलता बोलता तात्या त्यांच्या बाजूला सरकत. शेवंताबाई खुर्चीच्या कडेला गेल्या. मान खाली. आवाज नाही.

नथूने दारातून हे पाहिलं. खूण अगदी जशीच्या तशी होती. त्याने पुठ्ठा आणला आणि दोघांच्या मधे उभा धरला.

तात्यांना पलीकडचं काही दिसेना. तेवढ्यात मागच्या रांगेतून यमुना भोंगळेने विचारलं, "सरपंचबाई, पाण्याची टाकी बांधून झाली, असं कागदावर लिहिलंय. खाली तुमची सही आहे. टाकी कुठाय?"

शेवंताबाईंनी आधी पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग मान वर केली.

"टाकी मी बघितली नाही," त्या म्हणाल्या. "आन् सही म्हणशील, तर बाई, मला सही येत नाही. मी अंगठा लावते."

तात्यांनी पुठ्ठा हिसकावून फाडला. सभा तहकूब झाली.

नथूचा ठराव झालाच नाही. सभेच्या कामात अडथळा आणल्याबद्दल त्याला कामावरून काढल्याचं पत्र दुसऱ्या दिवशी घरी आलं. पत्राखाली सरपंच शेवंताबाईंची सही आहे. झोकदार, पूर्ण नावाची, खाली दोन टिंबं दिलेली. ती कोणी केली, हे भोपळखेड्यात अजून कोणीही सांगितलेलं नाही.