सातवा ठोका

तुम्ही कोणावर विश्वास ठेवाल, नगरपालिकेने ठोकलेल्या ब्राँझच्या पाटीवर की माझ्यासारख्या मसाले विकणाऱ्याच्या तोंडावर? घाई नाही, आधी चहा घ्या. मी चौगुले, मूळचा सांगलीच्या हळदपेठेतला. अमेरिकेतल्या या हार्लोपोर्टच्या जुन्या धक्क्यावर दुकान टाकलं त्याला अडतीस वर्षं झाली. इथे दर चार पावलांवर एक पाटी. अमुक सेनापती इथे जेवला, तमुक जहाज इथे बांधलं. शाळा मी आठवीत सोडली. इंग्रजी वाचायला शिकलो ते या पाट्यांवरच.

दारासमोरचा तो कमरेएवढा दगड पाहा. दाट धुक्याच्या एका दिवशी इथे सहा मच्छीमार नावा सुखरूप परतल्या, असं पाटी सांगते. खाली एक लोखंडी कडी आहे, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. तिच्याबद्दल पाटी काही बोलत नाही.

येणारे-जाणारे कडी वाजवतात, हे पाहून मीही पहिल्या वर्षी पाटी वाचली आणि सहा ठोके दिले. समोरच्या सलूनमधले अमोस टोलिव्हर, ऐंशीच्या घरातले कृष्णवर्णीय गृहस्थ, वस्तरा हातात घेऊनच बाहेर आले. म्हणाले, "शेटजी, काटाही असाच मारता का? एक कमी पडला." मग मला खुर्चीत बसवलं आणि दाढी करता करता ही गोष्ट सांगितली. त्यांना ती त्यांच्या आजीने सांगितली होती.

फार वर्षांपूर्वी इथे डोरा पेटिफर नावाची धोबीण राहायची म्हणे. नवरा जोसाया मासेमारी करायचा. एके दिवशी भर दुपारी असं धुकं उतरलं, की धक्क्यावरच्या माणसाला स्वतःचे पाय दिसेनात. बंदराची घंटा तेव्हा नेमकी दुरुस्तीला उतरवलेली. डोराने कपडे उकळायचा तांब्याचा हंडा धक्क्यावर पालथा घातला आणि धोपटण्याने बडवायला सुरुवात केली. त्या आवाजाच्या दिशेने एकेक नाव येऊ लागली.

सहावी नाव लागली तसा बंदराचा कारकून वही मिटून उठला. "बाई, सहा गेल्या, सहा आल्या. आता घरी जा."

"साहेब, माझा जोसाया आला नाही."

"वहीत नाही."

वहीत कसा असेल? काळ्या माणसांच्या नावा मागच्या खाडीत बांधायच्या, अशी तेव्हाची रीत. वहीत फक्त धक्क्यावरच्या नावा लिहीत. लोक पांगले. डोरा बडवत राहिली. धोपटणं तुटलं तेव्हा तिने हंड्याची लोखंडी कडी उपटली आणि त्या कडीने ठोकू लागली. हंड्याला तडा गेला, तरी नाद फुटला नाही, उलट लांबवर जाऊ लागला, असं सांगतात. दिवस कलता कलता धुक्यातून एकच वल्हं मारत जोसाया आला. म्हणाला, "तू ठोकायची थांबली असतीस, तर मी उलट्या दिशेने समुद्रात गेलो असतो."

पुढे गावाने दगड उभारला. डोराने पाटी करणाऱ्यांना विनवलं, सात लिहा. ते म्हणाले, दप्तरात सहाच आहेत. तिने वाद घातला नाही. ती कडी आणून दगडात ठोकली आणि व्रत घेतलं, की पाटीवर सात होईपर्यंत रोज सात ठोके पडतील. ती गेल्यावर शेजारणींनी ते चालवलं, नंतर सलूनवाल्यांनी.

अमोस जाऊन सव्वीस वर्षं झाली. सलूनच्या जागी आता कॉफीचं दुकान आहे. सकाळी शटर वर केलं की अजून वाटतं, समोरून कोणीतरी माझ्या वजनकाट्याची चौकशी करील. दर वर्षी मी नगरपालिकेत अर्ज देतो. दप्तरात सहाच आहेत, असं उत्तर येतं. आजही पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी मी कडी वाजवतो.

चहा संपला ना? मग चला, तुम्हीही वाजवा. एवढंच मागणं, हिशेब खरा ठेवा. पाटी वाचलेला हात सहाला आपोआप थांबतो, माझाही थांबला होता. तुम्ही थांबू नका. जोसाया अजून धुक्यात आहे.